कशाचं श्रेय? विजेच्या दिव्याचे दावेदार

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर विज्ञानाचे शिक्षक होते. म्हणून आजचा विषय विज्ञानाच्या इतिहासातला आहे, आणि तोही भांडणाचा.

विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला, असं अमेरिकेत विचारलंत तर उत्तर येतं, थॉमस एडिसन. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान. रशियात अलेक्सांद्र लॉडिगिन. जर्मनीत बरीच वर्षं उत्तर होतं हाइनरिख ग्योबेल. टोरांटोचे लोक वुडवर्ड आणि इव्हान्स यांचं 1874 चं पेटंट पुढे करतात. अलीकडे लुईस लॅटिमर या कृष्णवर्णीय अमेरिकी संशोधकाचं नाव मोठ्या आग्रहानं घेतलं जातं. रॉबर्ट फ्रीडेल आणि पॉल इस्रायल या इतिहासकारांनी एडिसनच्या आधी अशा दिव्यावर काम केलेल्यांची यादी केली, ती वीसच्या वर गेली.

यातला खरा कोण आणि खोटे कोण, याचा निवाडा करायला मी उभी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘कोणाला श्रेय?’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘कशाचं श्रेय?’ तो न विचारता आपण थेट दुसऱ्यावर उडी मारतो. त्यामुळे न्यायालयांनी, कंपन्यांनी आणि राष्ट्रांनी आपापल्या सोयीसाठी काढलेली उत्तरं इतिहास म्हणून आपल्या पदरात पडतात.

अडचण नेमकी कुठे होती?

विजेनं तार तापवली की ती उजळते, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच माहीत होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीनं प्लॅटिनमची तार अशी उजळवली होती. दोन कोळशांच्या टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटवून डोळे दिपवणारा प्रकाशही त्यानं दाखवला. या दुसऱ्या प्रकाराचे दिवे पुढे रस्त्यांवर आले. 1878 मध्ये पॅरिसचा एक प्रमुख रस्ता पावेल याब्लोच्कोव्ह या रशियन अभियंत्याच्या दिव्यांनी झळाळला होता. पण तो प्रकाश चौकासाठी ठीक. बसायच्या खोलीत तो कोण लावणार? घराला हवा होता गॅसच्या एका ज्योतीएवढा सौम्य दिवा.

त्यासाठी तापवायचं काय? प्लॅटिनम महाग, आणि थोडी उष्णता जास्त झाली की वितळणारं. कार्बन वितळत नाही, पण हवेत लालबुंद झाला की जळून जातो. म्हणजे तो हवेविना तापवायला हवा. ही कल्पना कुणा एकाची नाही. 1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये दिव्यांची पेटंटं निघाली होती. सिनसिनाटीहून आलेल्या जॉन स्टार या तरुणाचं काम त्यातलंच. 1870 च्या दशकात लॉडिगिननं सेंट पीटर्सबर्गमध्ये कार्बनचे दिवे लावून दाखवले, आणि तिथल्या विज्ञान अकादमीनं त्याला लोमोनोसोव्ह पारितोषिक दिलं. कल्पना सगळ्यांकडे होती. दिवे लागत आणि थोड्या वेळात विझत, कारण काचेच्या आत हवा उरलेली असे.

ती हवा काढण्याचं साधन 1865 मध्ये आलं. हेर्मान श्प्रेंगेल हा जर्मनीत जन्मलेला रसायनतज्ज्ञ लंडनमध्ये काम करत होता. अरुंद नळीतून पाऱ्याचे थेंब खाली पडताना दोन थेंबांमध्ये थोडीथोडी हवा अडकते आणि खाली ओढली जाते, या साध्या गोष्टीवर त्यानं पंप बांधला. तो हळू चालायचा, पण आधीच्या पंपांना न जमलेली निर्वात पोकळी त्यानं साधायची. विल्यम क्रुक्सनं 1870 च्या दशकात निर्वातावर जे नावाजलेले प्रयोग केले त्यांनी या तंत्राचं मोल लोकांच्या ध्यानात आणून दिलं. स्वान आणि एडिसन एकाच वर्षी यशाजवळ पोहोचले, यात गूढ काही नाही. दोघांच्या हाती तोच पंप आला होता. आणि श्रेयाच्या या शंभर वर्षांच्या भांडणात श्प्रेंगेलची बाजू घेऊन कोणी ओरडलेलं नाही, कारण त्याच्या पंपाच्या मागे दिवे विकणारी कंपनी नव्हती.

न्यूकॅसलचा रसायनविक्रेता

जोसेफ स्वानचा जन्म 1828 मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलंडचा. औषधांच्या दुकानात उमेदवारी करत तो न्यूकॅसलच्या मॉसन यांच्या रसायनांच्या धंद्यात भागीदार झाला. फोटोग्राफीत त्याचं नाव मोठं आहे; छायाचित्रं छापायची कार्बन पद्धत आणि ब्रोमाइड कागद ही त्याची कामं. दिव्याचा नाद त्याला विशीतच लागला होता. 1860 पर्यंत कागदाच्या पट्ट्या भाजून, त्यांचा कार्बन करून, तो काचेच्या भांड्यात उजळवून पाहत होता. निर्वात पुरेसा होत नव्हता आणि वीज मिळायची ती बॅटरीतून. त्यानं काम बाजूला ठेवलं.

1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या पंपाची बातमी वाचून तो पुन्हा वळला. त्याच्या मदतीला आला चार्ल्स स्टर्न, बर्कनहेडचा एक बँक कारकून, ज्याला फावल्या वेळात निर्वाताचे प्रयोग करायचा छंद होता. काच फुंकण्याचं काम फ्रेड टॉपहॅमकडे. या तिघांना एक गोष्ट कळली. थंड कार्बनभोवतीची हवा कितीही काढली तरी कार्बनच्या आत वायू दडून बसलेले असतात. दिवा लागला की ते बाहेर येतात आणि निर्वात बिघडतो. म्हणून पंप चालू असतानाच कार्बन तापवायचा, दडलेले वायूही ओढून घ्यायचे, आणि मग काच बंद करायची. 1880 च्या जानेवारीत स्वाननं या कृतीचं पेटंट घेतलं. दिवा टिकण्याच्या मुळाशी ही कृती आहे.

3 फेब्रुवारी 1879 रोजी न्यूकॅसलच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत सुमारे 700 श्रोत्यांपुढे स्वाननं आपला दिवा दाखवला. काचेचा बंद गोळा, आत जाणाऱ्या प्लॅटिनमच्या तारा, मध्ये कार्बन. एडिसनच्या पेटंटचा अर्ज अजून नऊ महिने दूर होता. पण स्वाननं या मूळ दिव्याचं पेटंट घेतलं नाही. दिव्याची ठळक अंगं आधीपासून सर्वांना ठाऊक आहेत, तेव्हा पेटंट मिळणार नाही, असा त्याचा समज होता. या एका निर्णयाचे पडसाद पुढे विचित्र उमटले.

1880 च्या डिसेंबरमध्ये नॉर्दम्बरलँडमधल्या क्रॅगसाइड या विल्यम आर्मस्ट्राँगच्या बंगल्यात स्वानचे दिवे लागले, तेही पाण्यावर निर्माण केलेल्या विजेवर. 28 डिसेंबर 1881 ला लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा रंगमंच त्याच्या दिव्यांनी उजळला. सभागृहासह साऱ्या इमारतीत मिळून सुमारे 1200 दिवे होते. त्या दिवशी नाट्यगृहाचा मालक रिचर्ड डॉयली कार्टनं पेटता दिवा मलमलीत गुंडाळून सर्वांसमक्ष फोडला. कापड पेटलं नाही. गॅसच्या आगींना घाबरलेल्या नाट्यगृहांना याहून चांगली जाहिरात कोणती?

मेन्लो पार्कचा हिशेब

आता अटलांटिक ओलांडू. एडिसननं या कामाला हात घातला तो 1878 च्या शरद ऋतूत, म्हणजे स्वानच्या मानानं फार उशिरा. आणि सुरुवात केली ती घोषणेनं. प्रश्न सुटल्यातच जमा आहे, असं त्यानं वृत्तपत्रांना सांगून टाकलं. त्या बातमीनं लंडनच्या बाजारात गॅस कंपन्यांचे शेअर कोसळले. ऑक्टोबर 1878 मध्ये जे. पी. मॉर्गनच्या वर्तुळातल्या भांडवलदारांच्या पैशावर एडिसन इलेक्ट्रिक लाइट कंपनी स्थापन झाली. चालणारा दिवा हाती यायला अजून एक वर्ष होतं. कंपनी आधी आणि दिवा नंतर!

हे ऐकून एडिसन बोलघेवडा होता असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याचा हिशेब पाहा. त्याला एक दिवा लावायचा नव्हता. गॅस कंपनीसारखी सबंध वस्तीला एका केंद्रातून वीज विकायची होती. त्यात सर्वात मोठा खर्च तांब्याच्या तारांचा. तारेत वाया जाणारी शक्ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच शक्ती दुप्पट विद्युतदाबानं पाठवली, तर प्रवाह निम्मा होतो आणि नुकसान एक चतुर्थांश. म्हणजे तेवढ्याच नुकसानीत तांबं एक चतुर्थांश पुरतं. पण जास्त दाब आणि कमी प्रवाह सोसायचा, तर दिव्याचा रोध मोठा हवा. मोठा रोध म्हणजे लांब आणि बारीक तंतू. स्वानच्या 1879 च्या दिव्यात कार्बनची कांडी होती, रोध अगदी कमी. तो दिवा उत्तम उजळायचा, पण अशा दिव्यांवर अख्खी पेठ उजळवायची तर तांब्याच्या किमतीनंच दिवाळं निघालं असतं.

म्हणजे एडिसनचा तंतू बारीक आहे तो तांब्याच्या भावामुळे. ही दृष्टी त्याची होती, आणि तिची गणितं मांडणारा होता फ्रान्सिस अप्टन, प्रिन्स्टनला शिकलेला. नाजूक तंतू बसवायचे हात चार्ल्स बॅचलरचे, काच फुंकायची लुडविग बोमनं. मेन्लो पार्क ही एडिसनची प्रयोगशाळा एका माणसाची खोली नव्हती, कामगारांची कार्यशाळा होती. पेटंटवर मात्र नाव एकच.

त्या कार्यशाळेच्या वह्या आज उपलब्ध आहेत. दंतकथा सांगते की 21 ऑक्टोबर 1879 ला कापसाच्या दोऱ्याचा दिवा लागला आणि चाळीस तास अखंड जळत राहिला; सगळे जागत बसले होते. वहीत नोंद आहे ती 22 तारखेची. कार्बन केलेल्या दोऱ्याचा एक दिवा रात्री दीडपासून दुपारी तीनपर्यंत चालला. मग त्यात जास्त वीज सोडली. तासाभरानं काच तडकली आणि दिवा गेला. एकूण साडेचौदा तास. संशोधनाच्या दृष्टीनं साडेचौदा तास हे मोठंच यश होतं. त्यावरून पुढची दिशा ठरली. पण उत्सवाला गोल आकडा लागतो.

उत्सव झालाही. 21 ऑक्टोबर 1929 ला हेन्री फोर्डनं मेन्लो पार्कची प्रयोगशाळा मिशिगनमध्ये पुन्हा उभारून पन्नास वर्षांचा सोहळा केला. राष्ट्राध्यक्ष हूव्हर आले, मारी क्युरी आल्या, म्हाताऱ्या एडिसननं तो प्रसंग पुन्हा करून दाखवला आणि रेडिओनं तो घराघरांत पोहोचवला. प्रसिद्धीची आखणी एडवर्ड बर्नेज या जनसंपर्क-व्यावसायिकाची. एका लांबलचक, चुकतमाकत झालेल्या कामाला त्या रात्री वाढदिवस मिळाला.

दोऱ्यानंतर भाजलेला पुठ्ठा आला, मग जपानमधल्या यावाताचा बांबू; त्याच्या तंतूवर दिवे हजार तासांच्या वर टिकू लागले. 4 सप्टेंबर 1882 ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं. सुरुवातीला 400 दिवे. पण त्यासोबत जनित्र, जमिनीखालचे वाहक, फ्यूज, मीटर, दिवा बसवायची खोबण, सगळं घडवावं लागलं होतं. एडिसनचं सर्वात पक्कं श्रेय या व्यवस्थेचं आहे. दिवा हा तिचा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग.

स्वानच्या कंपनीला स्वान नडला

आता या कथेतला सर्वात चमत्कारिक भाग.

ब्रिटनमध्ये एडिसनचं पेटंट नोव्हेंबर 1879 चं. स्वाननं त्याच्या आधीच सर्वांसमोर दिवा दाखवलेला. कोर्टात लढलो तर दोघांचंही नुकसान, हे ओळखून 1883 मध्ये दोघांच्या कंपन्या एक झाल्या. एडिसन अँड स्वान युनायटेड, लोकांच्या तोंडी ‘एडिस्वान’. आता बाजारातल्या इतर कारखानदारांना रोखायचं, तर हातात हत्यार कोणतं? स्वाननं मूळ दिव्याचं पेटंट घेतलेलंच नव्हतं. उरलं एडिसनचं पेटंट. कंपनीनं ते घेऊन प्रतिस्पर्ध्यांवर खटले भरले.

प्रतिस्पर्ध्यांचा बचाव सरळ होता: हा दिवा स्वाननं आधीच जाहीरपणे दाखवला होता, तेव्हा एडिसनचं पेटंट रद्द समजा. म्हणजे स्वानचं अग्रस्थान सिद्ध झालं, तर स्वानच्याच कंपनीची मक्तेदारी बुडणार! मग एडिस्वानच्या वकिलांनी काय मांडलं? स्वानच्या दिव्यात होती ती कांडी. एडिसनच्या दिव्यात आहे तो तंतू. या दोन निराळ्या वस्तू आहेत. 1888 मध्ये खालच्या न्यायालयानं हे मानलं नाही. 1889 मध्ये अपील न्यायालयानं मानलं, आणि पेटंट टिकलं.

स्वाननं एडिसनच्या आधी दिवा केला नव्हता, असं इंग्लंडच्या न्यायालयात ठरलं ते अशा रीतीनं. ते ठरवून घेणाऱ्या कंपनीच्या नावात स्वान होता आणि तिच्या नफ्यातही त्याचा वाटा होता. या निकालाला इतिहासाचा पुरावा म्हणायचं का? न्यायालयानं चूक केली असं मी म्हणत नाही. कांडी आणि तंतू यांत तांत्रिक फरक होता, आणि तांब्याच्या हिशेबात तो फरक निर्णायक होता, हे आपण आत्ताच पाहिलं. पण न्यायालयापुढचा प्रश्न होता, हे पेटंट वैध आहे का? विजेचा दिवा आधी कोणी लावला, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता. उत्तर मात्र पुढच्या पिढ्यांनी त्या प्रश्नाला जोडलं.

अमेरिकेतही असंच झालं. तिथे विल्यम सॉयर आणि अल्बन मॅन या जोडीनं भाजलेल्या कागदाच्या कार्बनवर एडिसनच्या आधीचा हक्क सांगितला होता. पेटंट कार्यालयानं त्यांना अग्रक्रम दिला आणि 1885 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्याच वर्षी एडिसनच्या कंपनीनं युनायटेड स्टेट्स इलेक्ट्रिक लाइटिंग कंपनीवर दावा लावला. तो 1891 मध्ये एडिसनच्या बाजूनं निकाली निघाला, 1892 मध्ये अपिलातही टिकला. पेटंटची मुदत संपत होती 1894 मध्ये. सात वर्षं भांडून मिळालेला हक्क दोन वर्षं वापरायला मिळाला. या दोन वर्षांचा परिणाम एका वस्तूत पाहायला मिळतो: 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाचं कंत्राट घेतलेल्या वेस्टिंगहाउसला एडिसनचा एकसंध काचेचा गोळा वापरता येईना. म्हणून त्यांनी काचेचं बूच घातलेला दोन तुकड्यांचा दिवा केला आणि त्यावर प्रदर्शन उजळवलं. तो दिवा लवकर खराब व्हायचा. पण कायद्यात बसायचा.

सॉयर आणि मॅन यांच्या पेटंटचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1895 मध्ये दिला, आणि तो मला या सगळ्या कागदपत्रांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. या दोघांनी कागदाचा कार्बन केला होता, पण हक्क मागितला होता सर्व तंतुमय वनस्पती पदार्थांवर. न्यायालयानं म्हटलं, असं चालणार नाही. एडिसनला योग्य बांबू सापडेपर्यंत हजारो वनस्पती तपासाव्या लागल्या. तुम्ही कागद दाखवलात. साऱ्या वनस्पतिसृष्टीवर हक्क सांगू नका. हा नियम पेटंटाइतकाच इतिहासालाही लागू पडतो. श्रेय करून दाखवलेल्या गोष्टीएवढं असावं.

खरा शोधकर्ता, म्हणे, दुसराच!

एडिसनच्या प्रसिद्धीला कंटाळलेल्या माणसाला एक मोह होतो. झाकलेला, लुटलेला, ‘खरा’ संशोधक शोधून काढायचा. हाइनरिख ग्योबेलची कथा या मोहाची चांगली परीक्षा घेते.

ग्योबेल हानोव्हरजवळच्या श्प्रिंगे गावचा, 1818 चा जन्म. 1848 च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. 1893 मध्ये, म्हणजे एडिसनचं पेटंट अपिलात टिकल्यावर, बॉस्टन, सेंट लुईस आणि विस्कॉन्सिनमधल्या तीन कंपन्यांनी कोर्टात सांगितलं की या म्हाताऱ्यानं 1854 मध्येच बांबूच्या तंतूचे दिवे केले होते, अत्तराच्या बाटल्यांच्या काचेतून. शपथपत्रांचे ढीग आले. बॉस्टनच्या न्यायाधीशांनी विश्वास ठेवला नाही. सेंट लुईसच्या न्यायाधीशांनी शंकेचा फायदा दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्योबेल वारला, पुढच्या वर्षी पेटंटच संपलं, आणि पूर्ण सुनावणी कधी झालीच नाही.

न संपलेला खटला दंतकथेला फार मानवतो. जर्मनीत ग्योबेल राष्ट्रीय वीर झाला. श्प्रिंगेत 1929 मध्ये, फोर्डच्या सोहळ्याच्याच वर्षी, त्याचं स्मारक झालं. 2004 मध्ये जर्मन टपाल खात्यानं दिव्याच्या दीडशे वर्षांचं तिकीट काढलं, म्हणजे 1854 हे साल सरकारी शिक्क्यानिशी मान्य झालं. तीन वर्षांनी हान्स-ख्रिश्चन रोडे यांनी खटल्यांची सगळी कागदपत्रं तपासून दाखवलं की 1854 च्या दिव्याला विश्वासार्ह पुरावा नाही. 1882 मध्ये ग्योबेलनं स्वतः दिव्यासंबंधी एक पेटंट घेतलं होतं, पण ते होतं एका सुधारणेपुरतं. मूळ दिव्यावर हक्क सांगायची ती वेळ होती. तो सांगितला गेला अकरा वर्षांनी, प्रतिवादी कंपन्यांना गरज पडली तेव्हा.

लॅटिमरची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पुरावा पक्का आहे. गडबड आहे ती दाव्याच्या मापात. लुईस लॅटिमरचे आईवडील व्हर्जिनियातल्या गुलामगिरीतून पळून मॅसॅच्युसेट्सला आले होते. 1848 मध्ये जन्मलेला हा मुलगा पेटंट वकिलांच्या कचेरीत आराखडे काढायला स्वतःच्या हिमतीवर शिकला. बेलच्या टेलिफोनच्या पेटंटची चित्रं त्यानं काढली. 1880 पासून तो हायरम मॅक्सिमच्या कंपनीत, म्हणजे एडिसनच्या प्रतिस्पर्ध्याकडे, कामाला होता. 1882 मध्ये त्याला कार्बन तयार करण्याच्या सुधारित कृतीचं पेटंट मिळालं. तंतू भाजताना तुटू नयेत म्हणून त्यांना पुठ्ठ्याच्या वेष्टनात ठेवायचं, ही त्यातली खुबी. कारखान्यात ज्यानं तुटलेल्या तंतूंचे ढीग पाहिले असतील, त्याला या खुबीचं मोल कळेल.

आता इंटरनेटवर आणि भिंतीपत्रकांवर वाचायला मिळतं की बल्बचा खरा संशोधक लॅटिमरच. पण तो स्वतः 1884 मध्ये एडिसनच्या कंपनीत गेला आणि तिच्या कायदा विभागात आराखडे काढत आणि तज्ज्ञसाक्ष देत एडिसनच्याच पेटंटांच्या बाजूनं लढला. 1890 मध्ये विजेच्या प्रकाशावर त्यानं पुस्तक लिहिलं. न केलेल्या कामाचं श्रेय देऊन आपण त्याचा गौरव करत नाही. त्याच्या हातून खरोखर घडलेलं काम त्या मोठ्या दाव्याखाली झाकून जातं, आणि दावा खोटा ठरला की खरं कामही लोक सोडून देतात.

भांडवल आणि नाव

श्रेय कोणाकडे जातं, यात भांडवलाचा वाटा किती, याचं एक उदाहरण मुंबईचं आहे. शंकर आबाजी भिसे, जन्म 1867. छपाईचे खिळे ओतणारं ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी घडवलं; दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ मिळवून देण्यासाठी लंडनमध्ये खटपट केली. भिसे पुढे अमेरिकेत गेले, तिथे त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हणू लागले आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते वारले. आयुष्याचा मोठा भाग त्यांचा भांडवलदार शोधण्यात गेला. एडिसनला पैसा दिव्याच्या एक वर्ष आधी मिळाला होता. त्या पैशातून कामगार, वकील आणि जाहिरात, तिन्ही उभे राहिले. प्रतिभेची तुलना करताना हे अंतर धरायलाच हवं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर आज डोक्यावर लागलेल्या या एलईडी दिव्यांकडे पाहा. 1962 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड केला. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं निळा एलईडी करणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना. होलोन्याक दुखावले आणि त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवलं. पण नोबेल समितीनं मानपत्रात नेमकं लिहिलं होतं: पांढरा, ऊर्जा वाचवणारा प्रकाश शक्य करणाऱ्या कार्यक्षम निळ्या डायोडसाठी. कशाचं श्रेय, ते आधी, नावं नंतर. कोणी सहमत होवो न होवो, भांडायला विषय तरी स्पष्ट मिळाला.

त्यांतल्या नाकामुरांचा आपल्या निचिया कंपनीशी आधीच खटला झाला होता. शोधाबद्दल त्यांना कंपनीकडून 20,000 येनचं बक्षीस मिळालं होतं. 2004 मध्ये टोकियोच्या न्यायालयानं 20 अब्ज येन द्यायला सांगितले. 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली. नंतर जपाननं पेटंट कायदा बदलून नोकरीत लावलेल्या शोधाचा हक्क सुरुवातीपासून कंपनीकडे राहील, अशी सोय केली. बॅचलर, अप्टन आणि बोम यांचा प्रश्न एकविसाव्या शतकात कंपनीच्या बाजूनं सोडवला गेला, असं म्हणावं लागेल.

मग करायचं काय?

एडिसनचं श्रेय काढून स्वानला, ग्योबेलला किंवा लॅटिमरला द्यायचं, यानं काही साधत नाही. चूक तीच राहते, नाव बदलतं. आणि सगळ्यांना थोडंथोडं प्रसादासारखं वाटून टाकलं, तर कोणाचं काय, हे कळेनासं होतं.

आपल्या शाळांत ‘विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला?’ हा एका गुणाचा प्रश्न आहे. एका वाक्यात उत्तर. मी शिक्षकांना सुचवीन की त्याच गुणासाठी उलटा प्रश्न विचारा: एडिसननं 1879 मध्ये नेमकं काय केलं, जे स्वाननं केलं नव्हतं? आणि स्वाननं काय केलं, जे एडिसनच्या आधीचं होतं? उत्तरासाठी ओहमचा नियम लागेल, तांब्याचा भाव लागेल, पंपाचं ज्ञान लागेल. मुलं नाव पाठ करण्याऐवजी भौतिकशास्त्र शिकतील.

माझ्या वहीत हिशेब असा आहे. निर्वाताचं साधन श्प्रेंगेलचं. कार्बन तापवत असतानाच दडलेले वायू काढायची कृती, आणि काचेतला कार्बन-दिवा सर्वांसमोर लावून दाखवणं, हे स्वान आणि त्याच्या साथीदारांचं. मोठ्या रोधाचा बारीक तंतू, आणि त्याला धरून वस्तीला वीज पुरवायची सबंध व्यवस्था, एडिसन आणि मेन्लो पार्कच्या मंडळींची. तंतू न तोडता तयार करायची एक चांगली रीत लॅटिमरची. ग्योबेलच्या खात्यावर, पुरावा येईपर्यंत, 1854 चं काही नाही.

यातली एखादी नोंद चुकीची वाटली तर जरूर भांडा. प्रश्नोत्तरांना वेळ राखून ठेवला आहे. फक्त भांडण नोंदीवर असू द्या, तारखेसह आणि पुराव्यासह. पुतळ्यांवरून भांडायला फार लोक मोकळे आहेत.